कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र एकत्र शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे निकाल लागले की हे प्रश्न येऊ लागतात आणि प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत येत राहतात. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते आणि आठवड्यातून काही तास कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवते. विचारणाऱ्यांत विद्यार्थी असतात, त्यांचे आईवडील असतात, पोलीस खात्यातली माणसंही असतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र यांत फरक काय? दोन्हीकडे गुन्ह्याचाच अभ्यास ना?

रेल्वेच्या पुलावर एका बाईच्या हातातला मोबाइल हिसकावून एक मुलगा पळाला, असं समजा. वकील आधी कलम बघतो: भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षा सांगणारा कायदा) ३०४, हिसकावून केलेली चोरी, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. मग फिर्याद किती वाजता नोंदली, ओळख परेड झाली का, मोबाइल कोणाच्या अंगझडतीत मिळाला, पंच कोण होते.

गुन्हेगारीशास्त्राचा विद्यार्थी त्याच पुलावर उभा राहून दुसरंच विचारतो. चोऱ्या याच पुलावर का होतात? दिवे कुठे बंद आहेत? चोरीचा मोबाइल विकत कोण घेतं? हा मुलगा याआधी किती वेळा आत जाऊन आला आणि सुटून आल्यावर त्याला काम कोणी दिलं?

मराठीत या विषयाला गुन्हेशास्त्र, अपराधशास्त्र असंही म्हणतात. माहितीपत्रकात मात्र बहुतेक ठिकाणी ‘क्रिमिनॉलॉजी’ असंच छापलेलं असतं, त्यामुळे शोधताना तोच शब्द वापरा.

२. म्हणजे फॉरेन्सिकच ना? रक्ताचे डाग, बोटांचे ठसे वगैरे?

नाही. हा गोंधळ इतका सर्रास आहे की चुकीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन वर्ष वाया घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. ठसे, डीएनए, विष, हस्ताक्षर हे न्यायसहायक विज्ञान. त्याला विज्ञान शाखा लागते आणि त्यातली नोकरी प्रयोगशाळेतली असते. गुन्हेगारीशास्त्र हे समाजशास्त्र आणि मानसशास्त्राच्या घरातलं. त्याला बारावीची कोणतीही शाखा चालते.

कायद्याच्या विद्यार्थ्याला न्यायसहायक विज्ञानाची तोंडओळख मात्र हवीच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणारा कायदा) कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. त्या अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. उद्याच्या वकिलाला त्या तज्ज्ञाची उलटतपासणी घेता आली पाहिजे.

३. महाराष्ट्रात दोन्ही विषयांची मिळून एकच पदवी मिळते का?

पदवीच्या नावात दोन्ही शब्द असलेला अभ्यासक्रम आपल्याकडे दुर्मीळ आहे. पदवीवर ‘बीए एलएलबी’ किंवा ‘एलएलबी’च लिहिलेलं असतं आणि गुन्हेगारीशास्त्र आत, ऐच्छिक विषयांत असतं. बार कौन्सिल ऑफ इंडिया ही वकिली आणि कायद्याच्या शिक्षणावर देखरेख करणारी संस्था. तिच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांत ऐच्छिक विषयांचे गट आहेत. त्यातला एक गट खास गुन्हे आणि गुन्हेगारीशास्त्राचा आहे. गुन्हेगारी मानसशास्त्र, दंडशास्त्र (शिक्षांचा अभ्यास) आणि पीडितशास्त्र (गुन्ह्याला बळी पडलेल्यांचा अभ्यास), तुरुंग प्रशासन, परिविक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुटका) आणि पॅरोल असे पेपर त्यात येतात.

पण नियमांत गट आहे म्हणून तो तुमच्या कॉलेजात शिकवला जातोच असं नाही. पुष्कळ ठिकाणी शिक्षक मिळत नाहीत म्हणून एक-दोनच विषय सुरू असतात आणि ‘ऐच्छिक’ हा शब्द कागदावर राहतो. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन एकच गोष्ट विचारा: गेल्या दोन वर्षांत चौथ्या-पाचव्या वर्षाला यातले कोणते पेपर प्रत्यक्ष झाले? जुन्या प्रश्नपत्रिका मागा. इमारत, ग्रंथालय, मूट कोर्टचा (सरावाच्या खटल्यांचा) हॉल हे सगळं नंतर बघा.

विज्ञान शाखेच्या मुलांना आणखी एक वाट आहे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात बीएस्सी एलएलबी आहे. या विद्यापीठाचं एक संकुल गोव्यातही आहे, पण कोणता अभ्यासक्रम कोणत्या संकुलात चालतो ते अर्ज भरताना नीट पाहून घ्या.

४. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स करू की आधी पदवी घेऊन तीन वर्षांचा?

दोन्ही शेवटी वकिलीच्या एकाच सनदेपाशी, म्हणजे परवान्यापाशी, पोचतात. गुणांची अट दोन्हीकडे सारखी आहे: खुल्या वर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पाच वर्षांच्या कोर्सला हे बारावीचे गुण, तीन वर्षांच्याला पदवीचे.

ज्याला वकिलीच करायची आहे आणि घरून लवकर कमावण्याची निकड आहे, त्याने पाच वर्षांचा घ्यावा, एक वर्ष वाचतं. पण गुन्हेगारीशास्त्राची खरी ओढ असेल तर मला दुसरी वाट जास्त पटते. आधी मानसशास्त्र किंवा समाजशास्त्रात बीए, मग तीन वर्षांचं एलएलबी. पाच वर्षांच्या कोर्समध्ये समाजशास्त्राचे पेपर असतात, पण मुलं ते ‘कायद्याआधीचा अडथळा’ समजून पार पाडतात. तीन वर्षं सर्वेक्षणं करून, मुलाखती घेऊन आलेला विद्यार्थी एलएलबीच्या वर्गात पहिल्याच महिन्यात ओळखू येतो. निकालपत्र वाचताना तो आरोपीचं वय, गाव आणि धंदा आधी शोधतो.

५. प्रवेश परीक्षा कोणती? मराठीतून देता येते का?

राज्यातल्या कॉलेजांसाठी एमएच-सीईटी लॉ. ती मराठीतही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही देशपातळीवरची परीक्षा. ती फक्त इंग्रजीत, १२० प्रश्न, दोन तास, आणि चुकलेल्या प्रश्नाला पाव गुण वजा.

६. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. जमेल का?

जमेल. आणि सत्र न्यायालयात तुमचं मराठी हे भांडवल ठरेल. तालुका-जिल्हा न्यायालयांत साक्ष मराठीत होते. साक्षीदार म्हणतो, ‘त्यानं मला ढोसललं’, आणि ढोसलणं म्हणजे ढकलणं की कोपराने मारणं यावर कधी कधी कलम बदलतं. हा फरक ज्याच्या कानात आहे तो वकील पुढे असतो.

अडचण दोन ठिकाणी येते. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, आणि गुन्हेगारीशास्त्राची पुस्तकं जवळपास सगळी इंग्रजीत आहेत. पहिल्या वर्षापासून रोज एक निकालपत्र वाचा. सुरुवातीला पाच पानांना तास लागेल. तिसऱ्या सत्रापर्यंत वेग येतो.

७. प्रत्यक्ष शिकवतात तरी काय?

कायद्याच्या बाजूला पाया म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेले तीन कायदे: भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम. जुने क्रमांकही पाठ ठेवा. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागते, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं कोर्टाच्या एकाच दिवसाच्या बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) खुनाचं ३०२ आणि १०३ शेजारी शेजारी दिसणार आहेत.

गुन्हेगारीशास्त्राच्या बाजूला बेकारिया, लोंब्रोसो, दुर्खीम, मर्टन, सदरलँड ही नावं भेटतात. ती परीक्षेपुरती घोकली तर आठवडाभरात विसरतात. मी ती आपल्या मातीतून शिकवते. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, असं लोंब्रोसोने १८७६ मध्ये इटलीत मांडलं. त्याच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने इथे अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. पारधी, कैकाडी यांना सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये ठेवलं, हजेरी लावली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि शिक्का वेगळ्या नावाने राहिला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमपुस्तिकांतले जातीवर आधारलेले भेद रद्द केले आणि विमुक्तांना ‘सराईत’ समजणाऱ्या उल्लेखांवरही बोट ठेवलं. माणसावर एकदा शिक्का बसला की पुढे तो कसा वागवला जातो, हे सांगणारा सिद्धांत पुस्तकात दीड पानाचा आहे. या दीडशे वर्षांच्या इतिहासासोबत वाचला तर तो मुलांच्या लक्षात राहतो.

दुसरं उदाहरण मथुरा नावाच्या मुलीच्या खटल्याचं. १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. रात्री ठाण्यात बोलावलेली गरीब मुलगी ओरडत का नाही, हा प्रश्न कायद्याच्या कलमात नव्हता, तो त्यांनी विचारला. १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितशास्त्र शिकवताना मी याच खटल्यापासून सुरुवात करते.

८. पण कोर्टात याचा उपयोग होतो का, की गुन्हेगारीशास्त्र नुसतं मार्कांपुरतं?

होतो, आणि जिथे व्हायला हवा तिथे अजून फार कमी होतो. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावरच.

दोष सिद्ध झाला की शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २३५(२) होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं २५८(२). हे ऐकणं कसं होतं ते डोळ्यासमोर आणा. न्यायाधीश विचारतात, ‘शिक्षेबाबत काही सांगायचंय?’ कठड्यातला माणूस हात जोडून म्हणतो, ‘साहेब, घर माझ्यावर आहे. लहान मुलं आहेत.’ वकील म्हणतो, पहिलाच गुन्हा आहे, सहानुभूतीने विचार व्हावा. लघुलेखक दोन ओळी टाइप करतो. एका माणसाच्या पुढच्या दहा वर्षांचा निर्णय या दोन ओळींवर.

त्या माणसाची शाळा कधी सुटली, दारू कधी लागली, त्याला आधी कोणी मारलं, तो सुधारू शकेल का, हे सांगणारा कागद फाइलमध्ये नसतो. हा कागद कसा तयार करायचा हे गुन्हेगारीशास्त्र शिकवतं, आणि तो न्यायालयासमोर कोणत्या तरतुदीखाली ठेवायचा हे कायदा. एकालाच दोन्ही येत असेल तर आरोपीचं नशीब बदलतं. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या खटल्यांत आरोपीची मानसिक, सामाजिक पार्श्वभूमी आणि तुरुंगातली वर्तणूक यांचे अहवाल मागवायला सांगितलं. तो निकाल फाशीपुरता आहे. पण परिविक्षा कायदा, १९५८ पहा. कलम ६ प्रमाणे एकवीस वर्षांखालच्या आरोपीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, तुरुंगात पाठवण्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल न्यायालयाने मागवायचा असतो. हा अर्ज करायचंच राहून गेलेली प्रकरणं मी स्वतः वाचली आहेत. बाल न्याय कायद्याच्या कलम १५ खाली सोळा ते अठरा वयाच्या मुलाची प्राथमिक तपासणी होते, तिथेही तेच.

आणि कच्चे कैदी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांमध्ये ५,७३,२२० माणसं होती. त्यातल्या ४,३४,३०२ जणांचा खटला अजून संपलेला नव्हता. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच अडकलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त प्रलंबित खटले असलेले लोक त्यात येत नाहीत. हे कलम माहीत असलेला विद्यार्थी तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रात बसला तर एका दुपारीत चार जणांचे अर्ज तयार करू शकतो.

९. नोकरी कोणती मिळेल?

‘क्रिमिनॉलॉजिस्ट पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही. नोकऱ्या दुसऱ्या नावांनी असतात.

फौजदारी वकिली ही पहिली. सुरुवातीची दोन-तीन वर्षं सिनियरकडे मिळणारं मानधन तुटपुंजं असतं, घरी तशी कल्पना देऊन ठेवा. सहायक सरकारी वकिलाची पदं लोकसेवा आयोगातर्फे भरली जातात. परिविक्षा अधिकारी, बालगृहं, बाल न्याय मंडळं हे महिला व बालविकास विभागाकडे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे २०२२ पासून पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आहे. खुल्या मनाच्या नवख्या वकिलाला याहून चांगली शाळा नाही. मुंबईत टिसचा (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा) ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून तुरुंग आणि पोलीस ठाण्यांत काम करतो, त्या धर्तीवरच्या संस्थांनाही दोन्ही विषय येणारी माणसं लागतात.

न्यायाधीश व्हायचं असेल तर २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात घ्या. त्याने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. पदवी हातात आली की लगेच परीक्षा, हे गणित त्यामुळे बदललं. जाहिरात निघेल तेव्हा अटी पुन्हा नीट वाचा.

१०. मला पीएसआय व्हायचंय. ही पदवी कामाची का?

पीएसआयला कोणतीही पदवी चालते, म्हणून फक्त त्यासाठी पाच वर्षं घालवू नका. पण मुळात कायद्याची आवड असेल तर खात्यात गेल्यावर पंचनामा आणि दोषारोपपत्र लिहिताना फरक दिसतो.

११. एलएलबी आणि क्रिमिनॉलॉजीचं एमए एकाच वेळी करता येईल का? यूजीसीने परवानगी दिली आहे ना?

इथे बरेच जण फसतात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी घ्यायला मुभा दिली हे खरं, पण व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्या त्या परिषदेचे नियम लागू राहतात. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांतला नियम ६ एलएलबीसोबत दुसरा नियमित अभ्यासक्रम करू देत नाही. सूट आहे ती भाषा किंवा संगणकाच्या अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रांना आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमांना. म्हणजे रोज वर्गात बसायचं एमए नको. इग्नूची फौजदारी न्यायाची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाची आहे, ती तीन वर्षांच्या एलएलबीवाल्यांना सोबत करता येते. अंतिम गुणपत्रिकेआधी दुसऱ्या अभ्यासक्रमाबद्दल लेखी जाहीर करावं लागतं, त्यामुळे लपवाछपवी नको.

१२. मग एलएलबीच दूरशिक्षणाने केलं तर?

त्यावर सनद मिळत नाही. कोणी ‘घरबसल्या एलएलबी’ विकत असेल तर पैसे भरू नका. नियमित कॉलेजातही प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरीचा नियम आहे.

१३. मी पोलीस खात्यात आहे. एलएलबी करू शकतो का?

खात्याची लेखी परवानगी आणि हजेरी (प्रश्न १२) या दोन गोष्टी जमत असतील तर करू शकता. पण नोकरीत असेपर्यंत वकिली करता येणार नाही, कारण बार कौन्सिलचा नियम ४९ पूर्णवेळ पगारी नोकराला वकिलीची मुभा देत नाही. निवृत्तीनंतर सनद घेतलेले अनेक जण आमच्या वकील संघात आहेत. तपास आतून पाहिलेला असल्यामुळे त्यांची उलटतपासणी ऐकण्यासारखी असते.

१४. माझ्यावर एक गुन्हा नोंद आहे. प्रवेश किंवा सनद मिळेल का?

हा प्रश्न मुलं अगदी हळू आवाजात विचारतात, म्हणून सविस्तर सांगते. नुसती एफआयआर किंवा चालू खटला म्हणजे दोषसिद्धी नव्हे. सनद अडते ती ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४अ खाली, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावर, आणि तीही कायमची नाही. सुटकेनंतर दोन वर्षांनी ती अपात्रता संपते. त्याच कलमात पुढे असं आहे की दोषी ठरलेल्या व्यक्तीला परिविक्षा कायद्याखाली सोडलं असेल तर ही अपात्रता लागूच होत नाही. प्रश्न ८ मधल्या त्या अहवालाचं मोल इथे पुन्हा दिसतं. एका अर्जाने एखाद्याची वकिली वाचते.

माहिती मात्र लपवू नका. बार कौन्सिलच्या सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार कॉलेजांनी विद्यार्थ्यांकडून गुन्ह्यांबाबत लेखी माहिती घ्यायची आहे. खरं सांगून जितकं नुकसान होईल त्याहून जास्त नुकसान लपवलेलं उघड झाल्यावर होतं.

१५. सनदेला खर्च किती येतो?

जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्य बार कौन्सिलला नोंदणी शुल्क म्हणून ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. मुद्रांक शुल्क वेगळं. पुढे अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते, तिचं शुल्क निराळं.

१६. इंग्लंडमध्ये ‘लॉ विथ क्रिमिनॉलॉजी’ सर्रास मिळतं. तिकडेच जाऊ का?

तिकडे ही जोडी खरंच रुळलेली आहे आणि शिकवतातही छान. पण नाव बारकाईने वाचा. एलएलबी असेल तर एक गोष्ट, ‘बीए क्रिमिनॉलॉजी अँड लॉ’ असेल तर दुसरी. बॅरिस्टर व्हायला कायद्याचे ठरावीक पायाभूत विषय झालेले असावे लागतात, आणि जोडपदवीत ते सगळे असतातच असं नाही. विद्यापीठाकडून हे लेखी घ्या.

परत येऊन इथे वकिली करायची असेल तर बार कौन्सिलची मान्यता आणि पात्रता परीक्षा लागते. बारावीनंतर तिकडचं तीन वर्षांचं एलएलबी केलेल्यांना त्याआधी इथे पूरक अभ्यासक्रमही करावा लागतो. म्हणजे वाचलेली वर्षं इथे खर्ची पडतात. पक्कं ठरलेलं नसेल तर पदवी इथे आणि पदव्युत्तर तिकडे, हे स्वस्तही पडतं.

१७. मुलीला हा विषय घेऊ द्यावा का? तुरुंगात वगैरे जावं लागतं म्हणे.

जावं लागतं, परवानगीने आणि शिक्षकांसोबत. मी दरवर्षी नेते. शक्य असेल तर आधी खुलं कारागृह दाखवते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत आहे, औंध संस्थानाच्या काळातली. तिथे कैदी कुटुंबासह राहतात आणि शेती करतात.

मनावर ताण येतो हे खरं. काही साक्षी ऐकून मुली दोन दिवस गप्प असतात, मुलगेही असतात. त्याबद्दल वर्गात बोलणारा शिक्षक आहे का, हे कॉलेज निवडताना विचारा. गेल्या वर्षी येरवड्याहून परत येताना एका विद्यार्थिनीने बसमध्ये वही उघडून एका कच्च्या कैद्याने सांगितलेल्या तारखांची बेरीज केली. कलम ४७९ ची मर्यादा अकरा दिवसांपूर्वीच उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अर्ज टाइप करून माझ्या टेबलापाशी उभी होती.